भंडाऱ्यावरची दुपार

दिवाळीच्या सुट्टीत मराठीच्या प्राध्यापकाने काय करावे याविषयी आमच्या घरात दोन मते आहेत. एक हिचे आणि दुसरे माझे. हिच्या मते त्याने माळा झाडावा, वर्षानुवर्षे साठविलेली पिवळी टिपणे रद्दीवाल्याला द्यावीत आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जेवणाच्या टेबलावरून हलवावेत. माझ्या मते त्याने यांपैकी काहीही करू नये. दरवर्षी या वादाचा निकाल काय लागतो ते संसारी वाचकांना सांगायला नको. परंतु २०२३ सालच्या दिवाळीत, भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते, मी सकाळी चहा घेता घेता सांगून टाकले, "आज मी भंडाऱ्याच्या डोंगरावर जाणार आहे. एकटाच."

हिने हातातली गाळणी खाली ठेवली. "एकटेच? कुणाशी भांडण झालंय का?"

"भांडण कशाला व्हायला हवं? जरा शांत बसावंसं वाटतंय."

"मग इथे बसा की! घरात मी काय ताशा वाजवते?"

एवढे बोलून ही आत गेली आणि दशम्यांचे पीठ मळायला घेतले. बायकांचा विरोध आणि बायकांचा डबा ही दोन खाती आमच्याकडे अगदी स्वतंत्र चालतात.

खरे कारण मी हिला सांगितले नाही. सांगण्यासारखे ते नव्हतेच. गेली बावीस वर्षे मी तुकाराम शिकवतो आहे. साडेचार हजारांवर अभंगांची ती गाथा, तिची सरकारी मदतीने १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत निघालेली आवृत्ती, तिच्यातले पाठभेद, शब्दांचे मूळ, हे सगळे मला आता झोपेतही सांगता येईल. काही विद्यार्थ्यांचे म्हणणे असे की, मी ते झोपेतच सांगतो. त्या सत्रात झाडावेलींना नातलग म्हणणारा तो सर्वांना पाठ असलेला अभंग शिकवत होतो. त्याची पहिली ओळ सामाजिक वनीकरणाच्या पाट्यांवर आणि शाळांच्या भिंतींवर इतक्या वेळा रंगविली गेली आहे की, तुकोबा वनखात्यात नोकरीला होते असा एखाद्याचा समज व्हावा. त्या अभंगाच्या शेवटी एकांताची गोष्ट आहे. तिथे माणूस आपल्या मनाशी बोलतो आणि स्वतःशीच वादही घालतो. मी नेहमीप्रमाणे त्या बोलण्यावर बोललो. आत्मसंवाद, अंतर्मुखता, आत्मानंद, सगळे शब्द जिथल्या तिथे पडले.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "सर, डोंगरावर एकटं बसून माणूस स्वतःशी वाद घालतो, तो कशाबद्दल?"

मी जीव आणि शिव यांच्या द्वंद्वाविषयी पाच मिनिटे बोललो. वर्गाने ते लिहून घेतले. त्या मुलीने मात्र लिहून घेतले नाही. मला उत्तर माहीत नाही हे तिला कळले होते, आणि तिला कळले आहे हे मला. घंटा झाली आणि आम्ही दोघेही सुटलो. पण प्रश्न काही सुटला नाही. दिवाळीचे उटणे लावतानासुद्धा तो अंगाला चिकटलेलाच होता.

निघताना हिने पिशवीत दोन डबे ठेवले. "हा तुमचा. आणि हा फराळाचा. वाटेत तळेगाव लागलं तर जाऊबाईंना द्या."

"तळेगाव वाटेत लागत नाही."

"लागलं तर, असं म्हणाले मी."

शिवाजीनगरला लोणावळ्याची लोकल धरली. सणाचा भर ओसरलेला, गाडीत गर्दी बेताची. खडकी, दापोडी, कासारवाडी अशी स्टेशने मागे पडत गेली. पिंपरी-चिंचवड आले की मी खिडकीबाहेर बघायचे टाळतो, ही माझी जुनी सवय आहे. देहूरोडला उतरलो. तिथून पुढे बेगडेवाडी, घोरावाडी आणि तिसरे स्टेशन तळेगाव. तळेगावात माझा दादा राहतो. हे मी येथे सहज बोलल्यासारखे सांगतो आहे. वास्तविक त्या दिवसापर्यंत सहा वर्षे मी त्याच्या घरी गेलो नव्हतो.

देहूला पोचेपर्यंत दहा वाजून गेले. इंद्रायणीच्या काठी गाथा मंदिर आहे. तिथे संगमरवरी भिंतींवर सगळे अभंग कोरून काढले आहेत. लोक पुढे उभे राहून फोटो काढून घेत होते. एक आजोबा मात्र भिंतीपाशी उभे राहून एकेका अक्षरावरून बोट फिरवीत वाचत होते. मीही दोन-चार अभंग वाचले, आणि दुसऱ्याच अभंगात माझी पाठभेदाची खोड जागी झाली. मास्तराचे मन! देवळात गेला तरी शुद्धलेखन तपासणारच.

नदीवर येऊन उभा राहिलो. पाण्यावर जलपर्णीचा हिरवा थर होता. या नदीच्या पाण्यात तुकोबांचे कागद दोनदा गेले असे परंपरा सांगते. पहिल्यांदा गेली ती कर्जखते. घरी वडिलार्जित महाजनकी आणि सावकारी. वडील बोल्होबा गेले, थोरला भाऊ सावजी विरक्त होऊन तीर्थयात्रेला निघून गेला आणि संसाराचा गाडा मधल्या तुकोबांच्या गळ्यात पडला. मग १६३० सालचा तो भयंकर दुष्काळ आला. पहिली बायको अन्नान्न करीत गेली, मूल गेले, दुकान बसले. त्यानंतर धाकट्या कान्होबाला बोलावून घरातल्या खतांच्या दोन वाटण्या केल्या. अर्धी कान्होबाला दिली आणि आपल्या वाटणीची डोहात सोडली. लोकांकडून येणे होते ते संपले. दुसऱ्यांदा गेल्या त्या अभंगांच्या वह्या. त्या दुसऱ्यांनी बुडवायला लावल्या, तेरा दिवस तुकोबा शिळेवर बसून राहिले आणि वह्या कोरड्या वर आल्या, ही कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण त्या पहिल्या कागदांचे पुढे काय झाले? ते वर आल्याची कथा कोणीही सांगत नाही. बावीस वर्षांत हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. मी खिशातून कागद काढून ते टिपून ठेवले. पुढच्या वर्षी वर्गात सांगायला बरे, असा विचार केला. पाहा म्हणजे झाले!

देहूपासून भंडारा दीड-दोन कोसांवर असेल. पायी जाण्याचा संकल्प होता, पण एक रिक्षावाला भेटला आणि संकल्पाची वाट लागली. पायथ्याशी उतरून मात्र पायऱ्यांनीच चढलो. आता वरपर्यंत गाडीरस्ताही आहे. कारखान्यातली पोरे मोटारसायकलीवरून भुर्रकन वर जात होती आणि मी दर पन्नास पायऱ्यांनी निसर्गसौंदर्य पाहण्यासाठी थांबत होतो. पावसाळ्यातले गवत वाळून सोनेरी झालेले. कुसळे धोतराला धरतात तशी माझ्या विजारीला धरत होती. याच वाटेने तुकोबांची बायको, जिजाई, दुपारची भाकरी घेऊन वर येत असे म्हणतात. एकदा तिच्या पायात काटा मोडला आणि तो काढायला खुद्द विठोबा आला, ही कथा मी वर्गात हमखास सांगतो. पोरीबाळी डोळे पुसतात. माझ्या पिशवीत तेव्हा दोन डबे होते आणि ते मी खांद्याला ओझे म्हणून शिव्या देत वाहत होतो.

वर नव्या दगडी मंदिराचे काम चालू होते. छिन्नी-हातोडीचा आवाज, ट्रकमधून उतरलेले दगड, पिवळी शिरस्त्राणे घातलेले कारागीर. जुन्या देवळात दर्शन घेतले आणि आवाजापासून दूर, डोंगराच्या अंगाने चालत गेलो. याच डोंगरात जुनी बौद्ध लेणी आहेत. म्हणजे एकांत शोधत या कातळाशी आलेले तुकोबा काही पहिले नव्हेत. त्यांच्याआधी कित्येक शतके कोणी भिक्खू येथे पावसाळे काढून गेले. या जागेतच काही असेल काय, की बसलेल्या माणसाला ती आत ढकलते? कोणास ठाऊक. मला तरी पहिला अर्धा तास तिने कुठेच ढकलले नाही.

एका आंजणीच्या सावलीत खडकावर बसलो. खाली इंद्रायणीचे वळण, पलीकडे घोराडेश्वराचा डोंगर, एका अंगाला चाकणकडचे कारखाने, त्यांची निळी-पांढरी पत्र्याची छपरे, आणि रस्त्यावरून मुंग्यांसारख्या सरकणाऱ्या मालमोटारी. मी डोळे मिटले. वाचकहो, पुस्तकात लिहिलेले असते की, माणूस डोळे मिटून बसला म्हणजे हळूहळू विचार शांत होतात. माझ्याकडे उलटेच झाले. विजेचे बिल भरायचे राहिले आहे. गुडघ्याला काहीतरी चावले. विभागप्रमुखपद या वेळी तरी मिळेल का? मुलाची बारावी. मुंगीच चावली. बिल ऑनलाइन भरता येईल, पण येथे रेंज आहे का? मी डोळे उघडून रेंज पाहिली. होती. फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला आणि पुन्हा डोळे मिटले.

आणि मग दादा आला.

मी त्याला बोलावले नव्हते. तो आला तो दीड लाख रुपये घेऊनच आला. ती रक्कम आणि दादा हे गेली नऊ वर्षे माझ्या मनात जोडीनेच वावरत होते. २०१४ साली दादाचा कारखाना बंद पडला. पुतणीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश तोंडावर. दादाने माझ्याकडून दीड लाख नेले आणि "वर्षात देतो" म्हणाला. त्यानंतर त्याने कधी तो विषय काढला नाही, म्हणून मीही काढला नाही. माझा मोठेपणा हा असा. पण त्याचे जाणे-येणे कमी झाले आणि २०१७ नंतर थांबलेच, तेव्हा मी मनाशी निदान करून टाकले की, देणेकऱ्याला घेणेकऱ्याचा उंबरा टोचतो. हे निदान मी हिलाही अनेकदा ऐकविले आहे. ही त्यावर "असेल" म्हणते आणि दुसऱ्या खोलीत जाते.

तर डोंगरावर बसून मी नेहमीप्रमाणे तो खटला चालवू लागलो. हा खटला मला तोंडपाठ होता. वादी मी, वकील मी, न्यायाधीशही मीच, त्यामुळे कामकाज फार सुरळीत चालत असे. एकदा तर मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याच्या पाठीवर मुदत ठेवीच्या दराने व्याजसुद्धा काढले होते. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. आता एकदम हजारो घरांत सांगतो आहे.

पण त्या दुपारी काय झाले, घरी होते तसे मध्येच कोणी हाक मारली नाही. फोन वाजला नाही. एरवी मी खटला सोयीच्या ठिकाणी आवरता घेतो. येथे आवरता घ्यायला निमित्तच नव्हते. तो आपला पुढे चालत राहिला आणि माझ्या ओळखीच्या पानांच्या पलीकडे गेला.

प्रतिवादीचे म्हणणे सुरू झाले. १९९३ साली वडील गेले तेव्हा मी दहावीत होतो. दादा तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला होता. तेराव्याचे जेवण झाले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने शिक्षण सोडले आणि पिंपरीच्या बाजूला एका कारखान्यात लेथवर उभा राहिला. मी बी.ए. केले, एम.ए. केले, ते त्या लेथवर. मला मराठी घ्यायचे आहे म्हणालो तेव्हा नातेवाईक हसले होते, "मराठी घेऊन काय करणार, कीर्तन?" दादा म्हणाला, "त्याला आवडतंय ना, मग झालं." पिंपरी-चिंचवड आले की मी खिडकीबाहेर का पाहत नाही, ते मला तिथे त्या खडकावर बसल्यावर समजले.

माझ्या पिशवीत त्या दिवशी गाथा होती. सवयीने घेतलेली. तीच जुनी प्रत, जिच्यावरून मी बावीस वर्षे शिकवतो. तिच्या पहिल्या पानावर दादाच्या हातचे माझे नाव आहे आणि खाली 'दिवाळी १९९८'. कारखान्यातल्या आराखड्यांवर असतात तशी सुटी, सरळ, चौकोनी अक्षरे. त्या वर्षीच्या बोनसमधून त्याने ती आणली होती. तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. त्याला गाथेतले काय कळत होते ते देव जाणे, पण पुस्तकांच्या दुकानात जाऊन "प्राध्यापक होणारा पोरगा आहे, त्याला लागणारी द्या" असे त्याने सांगितले होते. त्या गाथेचे व्याज मी कोणत्या दराने काढले होते?

येथपर्यंत ठीक होते. डोळ्यांत थोडे पाणी आले आणि मला वाटले, झाला आत्मसंवाद, उठावे आता. स्वतःविषयी गहिवर येणे हा प्रकार तसा सुखाचाच असतो. पण त्या अभंगात वाद आहे ना! वादी अजून उठलेला नव्हता. तो म्हणाला, "उपकार कबूल. पण मग त्याने येणे का टाकले? मी तर कधी पैसे मागितले नाहीत."

आणि तेव्हा ते आठवले. आठवले असे तरी कसे म्हणू? ते विसरलेलेच नव्हते. फक्त दुसऱ्याच खात्यावर टाकून ठेवलेले होते. २०१७ साली आमच्याच नात्यात एक लग्न होते. पंगत झाल्यावर पुरुषमंडळी पान खात बसली होती. कोणी तरी मला म्हणाले, "काय प्राध्यापक, तुकाराम काय म्हणतो?" मला लहर आली. मी म्हणालो, "तुकारामबुवा खतं इंद्रायणीत बुडवून मोकळे झाले. आमच्या दादानंही एवढं एकच तुकारामाकडून घेतलंय. बुडवण्याचं!" मंडळी खो खो हसली. दादाही हसला. तोंडातला विडा सांभाळीत, मान खाली घालून हसला. मी तो विनोद त्या दिवशी आणखी दोन ठिकाणी सांगितला.

दादाचे येणे थांबले ते त्यानंतर.

मी डोळे उघडले. समोर घार एकाच जागी पंख पसरून तरंगत होती. ऊन सरकून माझ्या पायांवर आले होते. किती वेळ तसाच बसलो ते सांगता येणार नाही. वर्गात मी एरवी तुकोबांच्या बाजूने उभा असतो, खते बुडविणाऱ्याच्या. घरी मात्र मी कान्होबा होतो, अर्धी खते जपून ठेवणारा. नव्हे, त्या बिचाऱ्या कान्होबावर हा अन्याय होईल. त्याने खते ठेवली ती घर चालवायला, कोणी तरी ठेवायलाच हवी होती. आणि भाऊ गेल्यावर त्याने जो आकांत केला तो गाथेत छापलेला आहे. माझे खत तर कागदाचेही नव्हते. पैसे देताना मी दादाला मोठ्या दिलाने म्हणालो होतो, "लेखी काही नको रे." आणि रात्री डायरीत तारीख घालून लिहून ठेवले होते.

हे सगळे एका ओळीत समोर आले आणि मला हसू फुटले. खरोखरच मोठ्याने हसलो. नऊ वर्षे चाललेला खटला, त्यात इतकी तयारी केलेला वकील, आणि शेवटी पुराव्यात सापडली काय, तर वादीचीच डायरी! मंदिराच्या कामावरचा एक पोऱ्या पाण्याची बाटली घेऊन बाजूने चालला होता, तो दचकून थांबला. "काय झालं काका?" मी म्हणालो, "केस हरलो." त्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिले. "मग हसताय कशाला?" आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेला.

त्याचे म्हणणे बरोबर होते. हसण्यासारखे काय होते? मला शरम वाटत होती, हे खोटे नाही. पण त्या शरमेच्या खालीच कुठे तरी विलक्षण मोकळे वाटत होते. कोणावर रागावून राहायला किती मेहनत पडते, हे ती मेहनत थांबल्याशिवाय कळत नाही. रोज सकाळी ते वजन उचलायचे, रोज त्याला नवा मुलामा द्यायचा, कोणी ते उतरवील म्हणून पहारा करायचा. आता काही करायचे राहिले नव्हते. गवत वाऱ्याने एका बाजूला झुकत होते आणि पुन्हा उभे राहत होते. दगडाला उन्हाचा वास येत होता. मंदिराकडून छिन्नीचे टोले येत होते, त्यांचीही एक लय होती. ती इतका वेळ मला कटकट वाटली होती. 'आत्मानंद' हा शब्द मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिला असेल. तो असा असेल, म्हणजे हसू, शरम आणि भूक यांच्या मिश्रणासारखा, अशी माझी कल्पना नव्हती. भूक खरेच फार लागली होती.

डबा उघडला. दशम्या, लसणाची चटणी, आणि कागदात बांधलेली मिरची. जेवता जेवता दुसऱ्या डब्याकडे लक्ष गेले. हिने त्याला आडवी-उभी दोरी बांधून वर गाठ मारली होती. वाटेत माझ्याकडून उघडला जाऊ नये म्हणून ही तजवीज. म्हणजे तळेगाव वाटेत लागणार, याची हिला खात्री होती तर.

हा आनंद किती टिकला असे कोणी विचारील. डोंगर उतरेपर्यंत नक्की टिकला. पायथ्याशी तळेगावकडे जाणाऱ्या रिक्षेची वाट पाहताना त्याची थोडी भीती झाली. इंदोरी ओलांडली तेव्हा मनात पुन्हा वादी उठू लागला, "निदान त्याने तरी एकदा..." मी त्याला म्हटले, "बस खाली." तो बसला. पूर्णपणे बसला असे मात्र म्हणणार नाही.

दार वहिनींनी उघडले. मला पाहताच त्यांचा चेहरा उतरला. "भाऊजी! घरी सगळं बरं आहे ना?" सहा वर्षांनी न कळविता आलेला माणूस वाईट बातमीच आणणार, हे त्यांचे गणित चुकीचे नव्हते. "सगळं बरं आहे, सहज आलो," म्हणालो. त्यांनी पदराने खुर्ची पुसली. ती स्वच्छच होती. दादा घरी नव्हता. कारखाना बंद पडल्यापासून तो एका गोदामावर देखरेखीचे काम करतो, त्या आठवड्यात दुसरी पाळी होती. भिंतीवर पुतणीचा पदवीचा फोटो होता, काळा झगा घातलेला. मी नव्हतो त्या समारंभाला. चहा आला. मी फराळाचा डबा पुढे केला. वहिनींनी तो घेतला, आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांच्या हातात बँकेचे पासबुक होते.

"पोरीला नोकरी लागल्यापासून यात टाकतोय," त्या उभ्यानेच म्हणाल्या. "हे म्हणत होते, पुरे झाले की एकदमच नेऊन द्यायचे. थोडे थोडे दिले तर बरं दिसत नाही."

मी काय बोललो ते मला नीटसे आठवत नाही. त्यासाठी आलो नाही, असे काहीसे म्हणालो असेन. वहिनी म्हणाल्या, "मग?" त्यांचा प्रश्न साधाच होता. माझ्याजवळ त्याला साधे उत्तर नव्हते. डोंगरावर जे इतके लख्ख दिसले होते ते त्या खोलीत, त्या खुर्चीवर बसून सांगताना शब्दच सापडेनात. मी पासबुक उघडले नाही, त्यांच्या हातात परत दिले, पुतणीच्या फोटोकडे पुन्हा एकदा पाहिले आणि निघालो.

घरी पोचलो तेव्हा आठ वाजले होते. हिने पिशवी उचलून पाहिली, एकच डबा परत आला होता. काही बोलली नाही. मी कपाटातून २०१४ सालची डायरी काढली आणि ती जुन्या टिपणांच्या गठ्ठ्यावर, रद्दीत ठेवली. माळा झाडायची तेवढी एक सुरुवात झाली.

साडेदहाला फोन वाजला. पाळी सुटल्यावर दादा घरी पोचला असावा.

"आला होतास म्हणे."

"हो."

"ते पैशाचं मी—"

"दादा," मी म्हणालो, "त्या लग्नात, पंगतीनंतर मी जे बोललो होतो ना..."

पलीकडे काही आवाज आला नाही. वहिनींनी बहुधा दूरदर्शन संच बंद केला असावा, कारण एकदम फारच शांत झाले.

"कुठल्या लग्नात?" दादा म्हणाला. त्याला पक्के आठवत होते, ते त्याच्या आवाजावरून मला कळले. आणि आपण काय म्हणतो आहोत हे मला कळले आहे, तेही त्याला कळले असावे. तो खाकरला.

"चकल्या कडक झाल्यात तुमच्या. मोहन कमी पडलंय, सांग तिला."

मी सांगितले. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्यांना म्हणावं, पुढच्या वर्षी स्वतः या आणि पीठ मळून द्या."